फियाट, सातवा महिना : मागची सीट अजून चिमीकडेच

गेल्या नोंदीत मी लिहिलं होतं की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दुरुस्तीला काढलेली आमची जुनी फियाट गाडी अंगणात आपल्या चाकांवर उभी असेल आणि ताईला धुळ्याच्या स्टँडवरून तीच घेऊन येईल. आखाजी झाली. ताई एसटीने आली, झोका खेळून, पुरणपोळी खाऊन परत गेलीसुद्धा. गाडी अजून शेडमध्येच आहे. इंजिन चालू झालंय, ब्रेक लागताहेत, पण मागची सीट नाही.

कुशनवाल्याकडे न्यायची म्हणून सीट काढून शेडच्या भिंतीशी ठेवली होती. त्याच रात्री आमची कुत्री चिमी तिच्यावर व्याली. आधी तिने रेग्झिनची शिवण उसवली, आतला काथ्या ओढून बाहेर काढला आणि मधोमध छान खळगा केला. सकाळी बघतो तर खळग्यात चार पिल्लं, दोन तांबडी, एक काळं आणि एक पांढऱ्या पायांचं. मी टेम्पो बोलावला होता. माय दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पिलेस्ना डोया उघडू दे, मंग ले तुनी सीट."

डोळे तेराव्या दिवशी उघडले. मग माय म्हणाली, चालायला लागू दे. तिसऱ्या आठवड्यात ती चालायला लागली, तर चिमी त्यांना झोपवायला तोंडात धरून पुन्हा सीटवरच आणायची. आज पाच आठवडे झालेत. अजून दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं दूध सोडतील, पहिली लस होईल, ज्यांना शब्द दिलाय त्या घरी जातील, मग सीट माझी. तोवर दुसरी कामं उरकतोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख. १९७९ ची प्रीमियर पद्मिनी. आमच्या घरात तिला पद्मिनी कुणी म्हटलंच नाही, ती फियाटच. बांधणी इटलीच्या फियाट ११०० ची, जन्म मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातला. आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी, अशी नावं बदलत गेली, पण बोनेटखालचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन तेच राहिलं. गियर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे एकसंध लांब सीट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. नाना पारोळ्यात डॉक्टर होते. नव्या गाडीचा नंबर लागायला तेव्हा वर्षानुवर्षं जायची, म्हणून त्यांनी १९८४ मध्ये मुंबईहून ही वापरलेली आणली. मी तेव्हा चौथीत होतो.

वाघ्या त्याच्या पुढच्या वर्षी आला. तामसवाडीकडच्या माळावर ठेलाऱ्यांचा, म्हणजे भटक्या मेंढपाळांचा, तळ उतरला होता. त्यांच्या एका पोराला छातीत कफ भरून ताप चढला, नाना तीन दिवस रोज जाऊन इंजेक्शन देऊन आले. चौथ्या दिवशी पोरगा उठून बसला. म्हाताऱ्या ठेलाऱ्याने फी म्हणून घोंगडीतून एक पिल्लू काढून नानांच्या मांडीवर ठेवलं. मेंढरं राखणाऱ्या कुत्रीचं पिल्लू होतं, पायाचे पंजे अंगाच्या मानाने मोठे. ते पुढच्या सीटवर बसून घरी आलं आणि ती जागा पुढे अकरा वर्षं त्याचीच होती.

ज्यांनी ही गाडी चालवलीय त्यांना पुढच्या दारांची तिकोनी काच आठवत असेल. खिळी फिरवली की काच आडवी व्हायची आणि वाऱ्याचा झोत थेट अंगावर यायचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा त्या काचेइतकं सुख दुसरं नव्हतं. उजवीकडची नानांची, डावीकडची वाघ्याची. तो नाक काचेच्या फटीला लावून बसायचा, कान मागे उडालेले, डोळे अर्धे मिटलेले. कंपाउंडर काका मधे अंग चोरून बसायचे, औषधांची पेटी मांडीवर. गावोगावी लोक आधी वाघ्याला ओळखायचे, मग डॉक्टरांना.

नानांनी त्याला नेलं नाही अशा दिवशी तो ओसरीवर पडून राहायचा. संध्याकाळी एकदम उठून फाटकाशी जायचा आणि माय चहाचं आधण ठेवायची. अजून आम्हाला काहीच ऐकू आलेलं नसायचं. चहाला उकळी येईतो फियाट गल्लीच्या तोंडाशी दिसायची. गावात तेव्हा आणखी तीन-चार फियाट होत्या, त्यांच्या आवाजाला तो कान हलवायचा नाही. मी लहानपणी याचं फार नवल करायचो. आता इंजिनाचं काम स्वतः केल्यावर पटतं की दोन फियाट सारख्या वाजूच शकत नाहीत. टॅपेटमधली फट, सायलेन्सरचा पत्रा, पंख्याच्या पट्ट्याचा ताण, सगळं मिळून एकेका गाडीचा आवाज होतो. कुत्र्याला तो आपल्याहून कितीतरी आधी आणि बारकाईने ऐकू येतो.

आता या महिन्याचं काम.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवून धुळ्याला लेथवाल्याकडे दिलं होतं, ते घासून सपाट होऊन आलं. व्हॉल्व्ह मी घरीच पेस्ट लावून हाताने घासले, आठही. एकेकाला अर्धा तास लागला. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर राखाडी रंगाची अखंड कडी दिसली की थांबायचं. नवं पॅकिंग घालून हेड आतून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत कसलं. प्लगच्या वायरी मात्र मिस्त्रीच्या पोराने १-२-३-४ अशा लावून ठेवल्या होत्या. या इंजिनात ठिणगी पडायचा क्रम १-३-४-२ आहे. वायरी बदलल्या आणि दुसऱ्या सेल्फला इंजिनाने पकडलं. सतरा वर्षांनी. माय घरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि काही न बोलता गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभी राहिली, गाय दूध देते तेव्हा तिच्या पाठीवर ठेवतो तसा.

पेट्रोलच्या लाइनवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने द्यावा असं मला कळकळीने वाटतं. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. मी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे टाकले, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला, सोलेक्स कार्ब्युरेटर पूर्ण उघडून जेट फुंकून साफ केले. जेटमध्ये तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते.

पंपाचा विषय निघाला की मला कन्नड घाटच आठवतो. १९९१ चा मे, आम्ही सगळे चाळीसगावमार्गे वेरूळला निघालो होतो. घाटाच्या मध्यावर गाडी आचके देऊन बंद. या गाडीचा पंप इंजिनालाच बोल्ट केलेला असतो. चढावर पहिल्या-दुसऱ्या गियरात इंजिन तापतं, वारा लागत नाही, पंपात आणि लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ओढतो, वाफ ओढत नाही. नानांना हे ठाऊक होतं, म्हणून डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि जुन्या धोतराचा तुकडा कायम असायचा. त्यांनी कॅन उघडला आणि आधी हबकॅप काढून उलटी धरून वाघ्याला पाणी पाजलं. मग धोतराचा तुकडा भिजवून पंपाला गुंडाळला. उरलेलं आम्हाला. ताई रुसली होती, कुत्र्याला आधी का म्हणून. नाना म्हणाले, "तुला तहान लागली तर तू सांगशील, ह्याला फक्त धापा टाकता येतात." कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो जिभेवाटे धापा टाकूनच बाहेर काढतो. उन्हात उभ्या गाडीत त्याला पाच मिनिटंसुद्धा सोडू नये, ही शिस्त आमच्या घरी तेव्हापासून आहे.

मी आता पंप आणि ब्लॉकमध्ये जाड इन्सुलेटर बसवलाय आणि सायलेन्सरच्या बाजूने पत्र्याची ढाल केलीय. तरी धोतराचा तुकडा डिकीत राहील.

ब्रेकचं थोडक्यात : मास्टर सिलिंडर, चाकांचे कप, होज सगळं नवं. पत्र्याचं मागच्या महिन्यात सांगितलंच आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत जे गंजायचं ते १९८४ च्या आधीच गंजलं होतं, आमच्या कोरड्या हवेने पुढे वाढू दिलं नाही. कागदांचं काम चालू आहे. पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण आमची पन्नास २०२९ मध्ये भरतील. तोवर साधं पुनर्नोंदणीचं गाडं ओढायचं.

रेडिएटरबद्दल मात्र, घरात कुत्रं असेल तर नीट वाचा. नानांच्या काळी त्यात साधं विहिरीचं पाणी असायचं आणि आत क्षारांचा थर जमायचा. मी साफ करून कूलंट भरायचं ठरवलं. बाजारातल्या बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड लागतं, कुत्री चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. सुरुवातीला कुत्रं नशा केल्यासारखं झोकांड्या खातं, मग जरा बरं वाटतंय असं दिसतं, आणि मग उशीर झालेला असतो. शंका आली तरी त्याच तासाला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. चिमी रोज गाडीखाली झोपते आणि आता चार पिल्लं दिसेल ते चाटत फिरताहेत. म्हणून मी दुकानात लेबल वाचून प्रॉपिलीन ग्लायकॉलचं कूलंट मागवून घेतलं. ते महाग पडलं आणि यायला बारा दिवस लागले, पण धोका त्यात कितीतरी कमी. तरीही भरताना खाली परात ठेवली आणि सांडलेले चार थेंब साबणाने धुतले. काम नसेल तेव्हा बॅटरीसुद्धा पिल्लं जाईपर्यंत माळ्यावर.

गाडी चालू करण्याआधी आता एक ठरलेलं काम आहे. बोनेटवर तीन थापा मारायच्या आणि थांबायचं. चिमी खालून बाहेर येते, अंग झटकते. मग वाकून पिल्लं मोजायची. चार दिसली की चोक ओढायचा. परवा तीनच दिसली, पांढऱ्या पायांचं कुठे दिसेना. अर्धा तास शोधलं. ते गाडीतच होतं, पुढच्या सीटवर, डाव्या दाराशी, झोपलेलं. पिल्लू पायरीवरून आत कसं चढलं कळत नाही. तिथल्या तिकोनी काचेचं रबर कडक होऊन निघालंय आणि फटीतून वारा येतो. वाघ्याच्या नाकाने घासून तिथल्या कडेचा रंग उडालाय. गाडीला नवा फिकट निळा रंग देताना मी पेंटरला तेवढी कड सोडायला सांगितली होती. पांढऱ्या पायांचं आता कुणाला द्यायचं नाही, असं मायने जाहीर केलंय, आणि ज्यांना शब्द दिला होता त्यांनीही ऐकून घेतलं.

पुढचं काम त्या काचेचंच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा कुर्ल्याच्या बाजारात सुटे भाग मिळत होते. तिथून उजव्या दाराचं रबर मिळालं, डाव्याचं नाही. मालेगावच्या भंगारातही दोन चकरा झाल्या. स्टिअरिंगला गियर असलेल्या कुठल्याही पद्मिनीचं चालेल, थोडं तडकलेलं असलं तरी मी साचा म्हणून वापरीन. डाव्या बाजूचं, पुढच्या दाराचं. कुणाच्या माळ्यावर पडलं असेल तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.