बारा महिने संपले, गाडीला लाल ‘एल’ लागला

इंग्लंडमध्ये राहायला येऊन आज बारा महिने पूर्ण झाले आणि माझ्या पुण्याच्या लायसन्सवर इथे गाडी चालवण्याची मुदतही संपली. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर अशा काही देशांची लायसन्स इथे परीक्षेशिवाय बदलून मिळतात. त्या यादीत भारत नाही. त्यामुळे कात्रजचा घाट पंधरा वर्षे चढ-उतार केलेल्या मी आज सकाळी स्वतःच्याच गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’च्या पाट्या लावल्या आणि शेजारी मेहुण्याला बसवले. सोबतचा माणूस किमान २१ वर्षांचा आणि ३ वर्षे लायसन्स बाळगलेला हवा, असा नियम आहे. मेहुणा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे, पण ते असो.

शिकाऊ लायसन्स आणि ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर मागणारी थिअरी परीक्षा आधीच उरकली होती. दोन्हीकडे गाडी डावीकडूनच चालवतात म्हणून मी निर्धास्त होतो. पण चौकातल्या पहिल्याच गोल बेटापाशी, उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची हे पाठ असूनही, मी सवयीने गाडीचे नाक पुढे घातले. मेहुणा शांतपणे म्हणाला, “दाजी, हा स्वारगेटचा चौक नाही.” प्रत्यक्ष परीक्षेत १५ किरकोळ चुका माफ असतात, गंभीर मात्र एकही नाही, ही चूक कोणत्या खात्यात गेली असती, हे त्याला विचारण्याची गरज नव्हती.

परतताना पाऊस लागला आणि मागची पाटी कुठेतरी गळून पडली. उद्या नवी आणायची आहे.