तुम्ही विचारलंत म्हणून: आंब्याला प्लास्टिक कशाला?

परसातल्या आंब्याच्या बुंध्याला प्लास्टिक का गुंडाळते, त्यापेक्षा एकदा फवारून मोकळी का होत नाही, हे मला दर हिवाळ्यात विचारलं जातं. आता सविस्तरच सांगते.

पिठ्या ढेकूण ही मोहोराचा रस शोषणारी कीड. तिची मादी उन्हाळ्यात खाली उतरून मातीत अंडी घालते. डिसेंबर-जानेवारीत पिल्लं निघतात आणि चालत बुंध्यावरून वर चढतात. अडवायची वेळ तीच. पुढे अंगावर मेणकट पांढरा थर आला की औषध ओघळून जातं, आणि मोहोरावर मारलेलं औषध परागीभवन करणाऱ्या माश्यांनाही लागतं. म्हणून २५-३० सेंटिमीटर रुंद पट्टा, सालीच्या फटी चिखलाने लिंपून, सुतळीने आवळलेला. ग्रीस प्लास्टिकच्या खालच्या कडेला, सालीवर कधीच नाही.

‘पट्टा लावूनही मोहोर गेलाच ना?’ असं ऐकवणाऱ्यांना त्या वर्षाचं पूर्ण सांगते. पट्ट्याखाली पिल्लांचा थर साचला होता, ग्रीसमध्ये मुंग्या चिकटून मेल्या होत्या, आणि वर मोहोराचे देठ तरीही पांढरे. बुंधा पुन्हा पुन्हा तपासला. मग कुंपणाच्या भिंतीवर नजर गेली. भिंतीला एक फांदी टेकली होती आणि मुंग्यांची रांग तिच्यावरून सरळ झाडात जात होती. मध्येच तांबूस, चपटी पिल्लं, संथ चालणारी. वर एक ढालकिडा पिल्लं खायला आला, तर मुंग्यांनी त्याला चावून हुसकावलं. ढेकणांचा गोड चिकटा त्यांना हवा असतो. तोच चिकटा पानांवर पडून काळी बुरशी धरली होती.

ती फांदी मी मोहोरासकट तोडली. झाडावरची सगळ्यात लगडणारी फांदी. आई दिवसभर बोलली नाही. बांबूचा टेकू देऊन भिंतीपासून उचलता आली असती, असं ती आजही म्हणते. आली असती कदाचित. पण रोज नवी पिल्लं चढत होती आणि टेकूवरूनही ती चढलीच असती, असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

तुडतुडे आणि फळमाशी उडत येतात, त्यांना पट्टा काहीच करत नाही, हेही खरं. औषधाला हातच लावायचा नाही, असं पूर्वी मीच ठासून सांगायची. आता तसं लिहून देणार नाही. पट्टा मात्र दरवर्षी आधी लागेल, आणि भिंतीकडची बाजू रोज बघितली जाईल.