तुम्ही विचारलंत म्हणून: खोटं आहे हे तिकडच्या लोकांना कळत नाही का?

नाशिकला आले की हा प्रश्न ठरलेला. चहा होतो, मुलीचं काय चाललंय विचारून होतं आणि मग कोणीतरी म्हणतंच, काय गं, तुमच्या अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीत एकमेकांबद्दल एवढं काहीबाही पसरवतात, टीव्हीवाले पण तेच तेच दाखवतात, एवढी शिकलेली माणसं, त्यांना कळत नाही का हे खोटं आहे ते? मागच्या दिवाळीत भाच्याने विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, शाळेच्या ग्रुपवर तर तिघींनी विचारलं. दर वेळी मी अर्धवट काहीतरी बोलून विषय बदलते कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात मी स्वतः पण आहे. आता लिहूनच टाकते.

मी १९९८ मध्ये न्यू जर्सीला आले, वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडल्यावर जुने कॉम्प्युटर तारखेत गोंधळू नयेत या कामासाठी, तेव्हा आपल्याकडचे कितीतरी जण तसेच आलेले. जुने कोबॉलचे प्रोग्रॅम तपासायचे, तारखा दुरुस्त करायच्या, संध्याकाळी चौघींनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरी यायचं. एक दिवस ऑफिसात एक मेल फिरत आला. अल गोर, तेव्हाचा डेमोक्रॅटिक पक्षाचा उपाध्यक्ष आणि २००० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरलेला, त्याने म्हणे सांगितलं की इंटरनेटचा शोध मी लावला. खाली पाचसहा जोक. मी हसले, आणि अकरा जणांना पुढे पाठवला. एका मिनिटाचं काम. हा माणूस म्हणजे बढाईखोर आहे हे माझ्या डोक्यात त्या दिवशी बसलं ते पुढची किती वर्षं तसंच बसून राहिलं.

त्याने प्रत्यक्षात काय म्हटलं होतं ते मी खूप उशिरा वाचलं. मार्च १९९९ मध्ये सीएनएनच्या मुलाखतीत तो म्हणाला की मी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, असताना इंटरनेट निर्माण करण्यात पुढाकार घेतला. वाक्य बरं नव्हतं, जरा जास्तच मोठं बोलला हे मी पण मान्य करते. पण 'शोध लावला' हा शब्द त्यात नाहीच, तो विरोधकांनी आणि पत्रकारांनी मिळून पुढच्या काही दिवसांत त्याच्या तोंडी घातला. आणि पुढाकाराची गोष्ट तर खरीच होती. सुपरकॉम्प्युटर आणि वेगवान नेटवर्कला सरकारी पैसा देणारा १९९१ चा कायदा त्यानेच मांडून लावून धरला होता, त्याच्यावर सही केली ती रिपब्लिकन अध्यक्ष थोरल्या बुश यांनी, आणि त्या पैशाच्या मदतीने इलिनॉय विद्यापीठात मोझॅक ब्राउझर तयार झाला, ज्याच्यामुळे साध्या माणसाला वेब बघता यायला लागलं. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते टीसीपी-आयपी ज्यांनी घडवलं ते विंट सर्फ आणि बॉब कान, त्या दोघांनी २००० मध्ये जाहीरपणे लिहून सांगितलं की इंटरनेटचं महत्त्व ओळखून त्याला पाठबळ देणारा पहिला राजकीय नेता गोरच. किती लोकांनी वाचलं ते? मी नाही वाचलं तेव्हा. मी कॉम्प्युटरमधली, माझं पोट या धंद्यावर, मला तरी शोधून बघावंसं वाटायला हवं होतं ना.

आणि हे एकदाच झालं असतं तर ठीक, चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण एकदा बढाईखोर ठरला की मग त्याच्या तोंडचं प्रत्येक वाक्य त्याच कानाने ऐकायला लागतात. नोव्हेंबर १९९९ ची गोष्ट, न्यू हॅम्पशायरमधल्या काँकॉर्ड गावच्या हायस्कूलमध्ये गोर मुलांशी बोलत होता. टेनेसीतल्या टून नावाच्या गावातल्या मुलीने आपल्याला पत्र लिहिलं, तिथे जमिनीत विषारी कचरा पुरल्याने लोक आजारी पडत होते, म्हणून आपण संसदेत त्यावर सुनावणी घेतली, तेव्हाच न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कनाल वस्तीचंही तसंच विषारी कचऱ्याचं प्रकरण घेतलं, असं सांगून त्या टून गावाबद्दल तो म्हणाला की सगळं सुरू झालं ते तिथून. दोन मोठ्या पेपरांत, न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टमध्ये, छापून आलं की सगळं सुरू केलं ते मी. इंग्रजीत फक्त एका शब्दाचा फरक. झालं, टीव्हीवर चर्चा सुरू, बघा आता लव्ह कनाल पण याने शोधला. आणि हे पकडलं कोणी तर त्या शाळेतल्या पोरांनी, ती समोर बसलेली होती, त्यांच्याकडे व्हिडिओ होता, त्यांनी पेपरांकडे दुरुस्ती मागितली. दुरुस्त्या आल्या सुद्धा, पण काही दिवसांनी आणि आतल्या पानावर छोट्याशा. मला ती मुलं फार आवडतात, पंधरासोळा वर्षांची असतील, त्यांना जे जमलं ते मोठमोठ्या वार्ताहरांना जमलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कळतं हो लोकांना. निदान ज्यांनी दुरुस्ती वाचली त्यांना तरी नक्की कळतं. पण कळल्यावर डोक्यातून निघून जातं ती फक्त ती एक बातमी, त्या बातमीने त्या माणसाबद्दल जे वाटायला लागलेलं असतं ते जात नाही. दगडाला एकदा शेंदूर लागला की मग तो कोणी लावला आणि का लावला हे विचारत कोणी बसत नाही, येणाजाणारा नमस्कार करून पुढे जातो, तसंच पण उलट्या दिशेने.

हे मी माझ्यावरच होताना पाहिलंय. ३ ऑक्टोबर २००० ला बॉस्टनमध्ये गोर आणि रिपब्लिकन उमेदवार धाकटे बुश, थोरल्यांचा मुलगा, यांची पहिली डिबेट झाली. आम्ही चौघी जमिनीवर बसून भाजी निवडत बघत होतो. मला गोर चांगला बोलला असं वाटलं, त्याच रात्री घेतलेल्या चाचण्यांमध्ये पण तोच थोडा पुढे होता. मग दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर सुरू झालं की बुश बोलत असताना गोर कसा उसासे टाकत होता, डोळे फिरवत होता, तेवढेच तुकडे कापून एकामागे एक लावलेले, आवाज मोठा करून. विनोदी कार्यक्रमात पण तेच. शनिवार येईपर्यंत मी मैत्रिणीला फोनवर सांगत होते की बाई काय उद्धट माणूस आहे. अगं मी स्वतः दीड तास बघितला होता तो कार्यक्रम! माझ्या डोळ्यांनी बघितलेलं मी चार दिवसांत बदलून टाकलं. उसासे त्याने टाकले होतेच, ते खोटं नाही, पण दीड तासात आरोग्यविमा, कर, पेन्शन असं कितीतरी बोलले होते दोघं, त्यातलं मला आठवड्याने काहीही आठवत नव्हतं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. देशभरात गोरला पाच लाखांहून जास्त मतं अधिक पडली, पण तिथे अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या निकालावर, आणि फ्लोरिडा राज्य ५३७ मतांनी गेलं, त्याबरोबर अध्यक्षपद गेलं. त्या मेलमुळे हरला असं मी म्हणणार नाही, तसं कोणालाच सांगता येणार नाही, मतपत्रिकांचे घोळ होते, कोर्ट होतं, तिसरा उमेदवार होता. पण ५३७ हा आकडा डोक्यातून जात नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या, म्हणजे रिपब्लिकन पक्षात याच्याहून वाईट झालं होतं, ते मला मुलगी झाल्यावर कळलं आणि तेव्हा रडू आलं होतं. जॉन मॅकेन, व्हिएतनाममध्ये पाच वर्षांवर युद्धकैदी राहिलेला, त्याने १ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरची प्राथमिक फेरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची राज्यातली निवडणूक, बुशविरुद्ध जोरात जिंकली. पुढची मोठी फेरी १९ तारखेला साउथ कॅरोलायनात. तिथे सर्व्हेच्या नावाखाली घरोघरी फोन गेले, पत्रकं वाटली, कानोकानी पसरवलं की मॅकेनला बाहेरून झालेलं एक काळं मूल आहे. त्याच्याबरोबर सभांना सावळी मुलगी दिसायचीच, लोकांनी बघितलेली. ती मुलगी ढाक्याच्या मदर तेरेसांच्या अनाथाश्रमातली, आजारी बाळ होतं म्हणून त्याची बायको उपचारासाठी घेऊन आली आणि मग त्यांनी दत्तक घेतली. फोन कोणी केले हे कधीच सिद्ध झालं नाही. मॅकेन हरला. आपल्या पोरींच्या रंगाची पोर, तिच्या नुसत्या असण्याचा असा वापर केला. ती तेव्हा आठनऊ वर्षांची होती, मोठी झाल्यावर तिने हे स्वतः वाचलं असणार ना कधीतरी.

म्हणूनच २००८ चा तो प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. आता उमेदवार मॅकेन, समोर ओबामा, ओबामा मुस्लिम आहे, अरब आहे अशा मेल आमच्या इनबॉक्समध्ये रोज. मिनेसोटातल्या सभेत एक बाई माइकवर म्हणाली की माझा ओबामावर विश्वास नाही, तो अरब आहे. मॅकेनने तिच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, नाही, तो सभ्य कुटुंबवत्सल माणूस आहे, नागरिक आहे, माझे त्याच्याशी मूलभूत मतभेद आहेत एवढंच. स्वतःच्याच लोकांसमोर, त्याच सभेत लोकांनी आधी हुर्यो केलेली असताना. थोडं अपुरं होतं ते, अरब असणं आणि सभ्य असणं यात विरोध थोडाच आहे, आणि नऊ दिवसांनी मॅकेनच्याच पक्षाचा माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल याने टीव्हीवर नेमकं हेच विचारलं, तो मुस्लिम नाही, पण असता तरी काय चुकलं? ते ऐकताना मी हातातलं काम ठेवून उभी राहिले होते.

काकू म्हणाल्या, मग हे सगळं एकाच बाजूचे लोक करतात का. नाही काकू. २०२४ मध्ये जेडी व्हान्स ट्रम्पबरोबर उपाध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा कोणीतरी थट्टेत लिहिलं की त्याच्या आत्मचरित्रात सोफ्याबद्दल काहीतरी अश्लील प्रसंग आहे, पान नंबर सुद्धा दिला. पुस्तकात असलं काही नाही. पण आमच्या ग्रुपवर, ज्यात सगळे स्वतःला विचारी समजणारे, कमला हॅरिसच्या ब्लॅक असण्यावर ट्रम्पने शंका घेतली म्हणून चिडलेले, त्याच ग्रुपवर दिवसभर सोफ्याचे जोक. समोरच्या पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराने पण भर सभेत त्यावर कोटी केली. मी लिहिलं की हे खोटं आहे, पुस्तकात नाही. उत्तर आलं, माहितीये गं, पण त्याला शोभतं ना.

त्याला शोभतं ना. बस, हेच. १९९९ मध्ये मला पण गोरबद्दल हेच वाटलं होतं.

आता मी काय करते तर कोणाचंही चटकदार वाक्य आलं की आधी पूर्ण भाषण किंवा मुलाखत शोधते, मागची पुढची चार वाक्यं वाचते, पाच मिनिटं लागतात. आवडत्या उमेदवाराबद्दलचं तर करतेच पण न आवडणाऱ्याबद्दलचं जास्त करते, कारण तिथे मला शोधायचा कंटाळा येतो हे मला माहीत झालंय.

भाच्याने परवा फोनवर विचारलं, मावशी, मग त्या अकरा जणांना तू नंतर कळवलंस का की ते खोटं होतं म्हणून? नव्हतं कळवलं. पंचवीस वर्षांत एकदाही नाही. त्यातले सात जण अजून संपर्कात आहेत, दोघं नाशिकचेच आहेत, एक माझी रूममेट होती ती आता टेक्सासला असते. हे लिहून झालं की आधी त्या सातांना पाठवतेय.