एकादशीचं पाणी

आमच्या मंडळाची कयाकची, म्हणजे वल्हवायच्या छोट्या अरुंद होड्यांची, सहल एकादशीलाच का, आणि त्यापायी सगळ्या ठाण्याने साबुदाण्याची खिचडी का खायची, असं दर डिसेंबरात कोणीतरी विचारतंच. कारण धर्माचं नाही, पाण्याचं आहे. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते. अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा. खाडीतून वर कल्याणपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, त्यामुळे दुर्गाडीच्या गणेश घाटावर ते थांबेपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात. तिथून ओहोटी धरायची आणि चार-साडेचार तासांत ठाण्यात कोलशेतच्या विसर्जन घाटावर लागायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार. अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा जोर सगळ्यात कमी, पण भरती पहाटे सहाला, तेव्हा आमच्यातलं कोण उठणार? रविवार जुळला नाही तर दशमी-द्वादशीही चालते. खिचडी मात्र ठरलेली, कारण डोंबिवलीच्या ताईंचा हात त्यातच बसलाय.

सुरुवातीच्या कार्यक्रमाबद्दल फार लिहीत नाही. नारळ फुटतो, अध्यक्ष बोलतात. १६५७ साली कल्याण महाराजांच्या ताब्यात आलं आणि आरमाराचा श्रीगणेशा इथेच झाला, हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की मुलं सोबत म्हणतात. पूर्वी प्रमुख पाहुणेही असायचे. एका वर्षी पाहुणे तासभर उशिरा आले, मग हार, मग शाल, मग मनोगत. ओहोटी काही शालीसाठी थांबत नाही. कोलशेतला पोहोचलो तर घाट आणि आमच्यामध्ये वीस-पंचवीस पावलांचा नुसता चिखल. मांडीपर्यंत रुतलो, एकेकाची चप्पल आतच राहिली, आणि समोर निवट्या, म्हणजे चिखलातले उड्या मारणारे मासे, आमच्याकडे बघत टुणटुण उड्या मारत होत्या. तेव्हापासून पाहुणे बंद. खजिनदार या नात्याने सांगतो, शालीचे पैसेही वाचले.

पाणी स्वच्छ असतं असं म्हणणार नाही. पावसाळ्यात वरून आलेल्या जलपर्णीचे पुंजके डिसेंबरातही तरंगताना दिसतात, तिवरांच्या मुळांना पिशव्या अडकलेल्या असतात, आणि काही वळणांवर वास येतो तो येतोच. रोहित पक्षी पाहायला लोक ऐरोलीला जातात. त्या ठाणे खाडीला २०२२ साली रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत बसण्याचा, मानही मिळाला. आमच्या वाट्याला पाणकावळे आणि एखादा खंड्या. तरीही मोठागाव-माणकोलीचा पूल मागे पडला की गाड्यांचा आवाज विरतो आणि वल्ह्यावरून ओघळणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू यायला लागतो. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने दिशा, एवढंच शिकवलेलं असतं. नवरा-बायकोला एका कयाकमध्ये बसवायचं नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

माझा जीव अडकलाय तो कोलशेतच्या घाटावरच्या अर्ध्या तासात. पहिल्यांदा वल्हं हातात घेतलेल्याने ओल्या कपड्यांतच दोन मिनिटं बोलायचं, असा आमचा नियम आहे. माईक नाही, खुर्ची नाही. टॉवेल खांद्यावर, पोटऱ्यांवर चिखल वाळत आलेला. बरेच जण ‘खूप मजा आली’ म्हणून सुटतात, आणि त्यांना सुटू द्यावं. पण एखादा अडखळतो, खाली बघतो, आणि तिथून पुढे जे बोलतो त्यासाठी मी वर्षभर वर्गणीच्या पावत्या फाडतो.

दिव्याहून पंचवीस वर्षं लोकल पकडणारे एक गृहस्थ म्हणाले होते, “दारात लोंबकळून ही खाडी रोज पाहिली. आज पारसिकच्या डोंगराला वळसा घालणारी लोकल खाडीतून पाहिली. दारातली माणसं बघून मलाच भीती वाटली हो.” सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत.

आणि तीन वर्षांपूर्वीच्या त्या बाई. “मला काही बोलायचं नाही,” असं त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की घाटावरचं कुत्रं उठून गेलं. मग म्हणाल्या, “आमचे बाबा रेतीच्या होडीवर होते. मुंब्र्यासमोर. डुबी मारायचे. बांबू धरून खाली जायचं, बादली भरायची, वरचा माणूस दोरीने ओढणार. घरी आले की कानात कापूस. आम्ही बोललेलं ऐकूच यायचं नाही त्यांना, म्हणून आम्ही सगळी भावंडं ओरडून बोलतो. सासरी मला अजून म्हणतात, अगं हळू.” थोडं थांबून म्हणाल्या, “आज मुंब्र्यासमोर वल्हं आडवं ठेवलं आणि पाण्यात हात घातला. कोपरापर्यंतच गेला.” आणि बसल्या.

हे ऐकायला आम्ही अठरा जण होतो. ग्रुपवर अंगठे उठवले होते बावन्न जणांनी. कार्यकारिणीतले तिघे तर घोडबंदर रोडने गाडीतून थेट कोलशेतला उतरले, लाइफ जॅकेट घालून फोटो काढले आणि बाई बोलत होत्या तेव्हा खिचडीच्या रांगेत होते. नावं लिहीत नाही, त्यांना कळेल.

मदत करणाऱ्यांचीही नावं छापायची नाहीत असं ठरलंय. एकदा अहवालात एक नाव राहिलं आणि ते काका दोन वर्षं फिरकले नाहीत. पण माणसं सांगायलाच हवीत. शेवटच्या कयाकच्या मागे आपली यांत्रिक होडी ठेवणारे नाखवाकाका, जे पाण्याचा रंग बघून ‘डावीकडून घ्या, इथे गाळ आहे’ म्हणतात आणि डिझेलशिवाय एक रुपया घेत नाहीत. पोहणारी तीन पोरं. परवानगीचे अर्ज घेऊन तीन-तीन खिडक्या फिरणारे आमचे सेक्रेटरी. औषधांची पेटी घेऊन येणाऱ्या डॉक्टरबाई, ज्यांच्याकडे आजवर फक्त हाताचे फोड आलेत. खिचडीच्या ताई आणि शेंगदाण्याचा कूट करून देणाऱ्या त्यांच्या जाऊबाई. जुन्या साड्यांचा आडोसा बांधून बायकांची कपडे बदलायची सोय करणाऱ्या दोघी बहिणी. सगळे जेवायला बसल्यावर एकेक कयाक घासून धुणारा कोलशेतचा मुलगा, ज्याने गेल्या वर्षी पहिल्यांदा स्वतः वल्हवलं आणि बोलायची पाळी आल्यावर पळून गेला. यंदा त्याला सोडायचा नाही.

आणि टेम्पोवाले दादा! दर वर्षी तेच राहतात. पहाटे पाचला कयाक भरून कल्याणला नेतात आणि रिकाम्या टेम्पोने कोलशेतला येऊन थांबतात. यंदाची तारीख त्यांनीच फोन करून विचारली. अकरा त्रिक तेहतीस त्यांनाही पाठ झालंय.