शुगर निघाली, तरी चहा-मिसळ चालू आहे

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात बसायचं म्हणजे दिवसभर चहा. गिऱ्हाईक आलं की चहा, माल उतरला की चहा, हिशेब मिटला की परत चहा. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ७.८ आल्यावर डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि गोड बंद करायला सांगितलं. मिठाई मी सहज सोडली. अवघड होते ते हे कप.

मेहुणा म्हणाला, "दाजी, साखर कशाला? आपला गूळ घाला की!" कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रसच. थोडी खनिजं सोडली तर बाकी बहुतेक साखर. मी ग्लुकोमीटर घेतलं होतं, त्यावर तपासून बघितलं. गुळाचा चहा आणि साखरेचा चहा, आकडा दोन्हीला तसाच चढला. मग साखर हळूहळू कमी करत शेवटी बंद केली. आता आलं, गवती चहा घातलेला अर्धा कप बिनसाखरेचा घेतो. जीभ रुळायला वेळ लागतो, पण रुळते.

मीटर वापरायची रीत डॉक्टरांनी समजावली: खाण्याआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी परत. दुसरा आकडा १८० च्या आत हवा. पट्ट्या महाग, म्हणून एका वेळी एकच पदार्थ तपासायचो.

सगळ्यात जास्त शिकवलं मिसळीनं. नेहमीसारखी, ब्रेडच्या चार स्लाइससकट खाल्ली तेव्हा २१४. पुढच्या वेळी मटकी जास्त मागितली, फरसाण कमी, स्लाइस एकच. आधी मटकी आणि कांदा, ब्रेड अगदी शेवटी. खाऊन झाल्यावर बिंदू चौकाकडून चालत दुकानात आलो. आकडा १६० च्या आसपास. म्हणजे दोष तिखट कटाचा नव्हता, मैद्याचा होता. कटात तेल-मीठ भरपूर असतं, त्यामुळे बीपीवाल्यांनी त्याचाही विचार करावा.

भडंगाचंही तसंच. चुरमुरे हलके लागतात, पण तो तांदूळच, साखर झपाट्यानं वाढवतो. संध्याकाळी मूठभर फुटाणे-शेंगदाणे खातो, पोटाला आधारही राहतो. थंडीत वाटीभर पांढरा रस्सा मजेत पितो; साखर वाढते ती त्याच्याबरोबरच्या भातानं. गंगावेशच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध मात्र खाण्यातच मोजावं लागतं, कारण १०० मिलीत जवळपास ५ ग्रॅम साखर दुधाची स्वतःचीच असते.

इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांना विचारा. घाम फुटला, हात थरथरले, मीटर ७० च्या खाली गेलं, तर त्या वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची. ती पुडी मी गल्ल्यात ठेवली आहे.

मागच्या तपासणीत एचबीएवनसी ६.९ आलं. गोळी तीच आहे.