परदेशी सहलीचं घोडं वेळापत्रकात पेंड खातं

भूगोलाच्या वर्गात मुलांकडून परदेशी सहल आखून घेण्याचा प्रकल्प मी देते. सहल कागदावरचीच. चार-पाच जणांचा गट करायचा आणि देश गटानेच निवडायचा. नकाशे, स्थळांची यादी, चित्रं हे सगळं चुटकीसरशी होतं. अडतं ते प्रवासाच्या वेळापत्रकात, आणि निम्मा दोष त्या छापील तक्त्याचा. 'निघण्याची वेळ', 'पोहोचण्याची वेळ', 'लागलेले तास', बस्स! एसटीच्या प्रवासाला तो ठीक आहे, पण विमानाने वेगळी वेळ असलेल्या देशात गेलं की तो बिनकामाचा.

टोकियो ते लॉस एंजेलिस घ्या. जुलैमध्ये टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघून दहा तास उडालेलं विमान त्याच तारखेला सकाळी ११ ला उतरतं. मुलं वजाबाकी करतात, उत्तर उणे सहा येतं. मग कुणीतरी गुपचूप तारीख एक दिवस पुढे ढकलून १८ तास लिहून मोकळं होतं. परिणाम असा की पहिल्या रात्रीचं हॉटेल धरलेलंच नसतं आणि पुढचा सगळा बेत एका दिवसाने सरकतो.

म्हणून मी तो तक्ता बाद केला. आता रकाने असे: ठिकाण, स्थानिक तारीख व वेळ, यूटीसीपासूनचा (जगभरची घड्याळं जिच्यावरून मोजतात त्या प्रमाणवेळेपासूनचा) फरक, यूटीसी तारीख व वेळ. प्रवासाचे तास फक्त शेवटच्या रकान्यावरून काढायचे. टोकियो +९, म्हणून १७ वजा ९ म्हणजे ८. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात –७, म्हणून ११ अधिक ७ म्हणजे १८. अठरातून आठ गेले, दहा तास. उणे फरक वजा करायचा म्हणजे मिळवायचा, इथे हुशार मुलंही घसरतात. त्यावर कागदाच्या दोन पट्ट्या चालतात. दोन्हींवर ० ते ४७ तास लिहायचे आणि एक दुसरीवर सरकवायची. पट्टी २४ वरच थांबवली तर मध्यरात्र ओलांडताना पुन्हा तोच घोळ.

फरक रेखांशावरून काढू देऊ नका. १५ अंशांना एक तास, एका अंशाला ४ मिनिटं हे सूर्याचं गणित झालं. घड्याळ सरकार ठरवतं. नेपाळ +५:४५ वर आहे. चीन पूर्व-पश्चिम सुमारे ६० अंश पसरलाय, तरी अधिकृत वेळ एकच, त्यामुळे पश्चिमेकडच्या काशगरला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दुपारचे सुमारे तीन वाजलेले असतात. आधी अधिकृत फरक घ्यायचा, मग रेखांशाचा हिशेब शेजारी मांडून तफावत का पडली ते विचारायचं. खरा भूगोल तिथे सुरू होतो.

तारखेशिवाय फरक लिहिलेला मी मान्य करत नाही. लंडन आणि ऑकलंडमध्ये जुलैत ११ तासांचं अंतर असतं, जानेवारीत १३, कारण दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि दोन्हीकडचे उन्हाळे उलट महिन्यांत येतात. आणि जाण्याचे तास परतीला जसेच्या तसे उतरवू नयेत. टोकियोकडे परतताना पश्चिमी वारे समोरून येतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: मार्ग भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने आखू नका. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणा. टोकियो–लॉस एंजेलिसचा दोरा उत्तरेकडे, अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या दिशेला झुकतो. मर्केटर नकाशावरची (रेखांश-अक्षांश उभ्या-आडव्या सरळ रेषांत दाखवणाऱ्या सपाट नकाशावरची) सरळ रेघ त्यापेक्षा लांबची निघते.

हवामानाच्या गटाला बारा महिन्यांचं सरासरी तापमान आणि पाऊस, दोन्हींचे आलेख काढायला लावा, नाहीतर जुलैत न्यूझीलंडला निघालेली मंडळी स्वेटरशिवाय जातात. पेरूतलं कुस्को निवडलं तर उंचीही लिहून घ्या. ते सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणून पहिला दिवस विश्रांतीचा. आमच्या वर्गात तो दिवस रिकामा ठेवला नाही तर वेळापत्रक परत जातं.