१८३९ची ओळ पक्की झाली, एकदाची

तीन रविवार एका ओळीवर गेले. मागची नोंद ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: मी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरपदाच्या जुन्या निवडणुकांचा तक्ता करतोय, १८२८ ते १८४३. हीच वर्षं घेतली ती मार्कस मॉर्टनपायी. टॉन्टनचा हा न्यायाधीश डेमोक्रॅटांकडून दरवर्षी उभा राहायचा आणि पडायचा. तिथे तेव्हा गव्हर्नर वर्षभरापुरताच असे, त्यामुळे पडायची सोयही दरवर्षी.

अडलं ते 'बहुमत' रकान्यात. टक्केवारी पन्नासच्या वर गेली की तिथे 'होय' येतं. १८३९ला 'नाही' आलं. पण त्याच वर्षी तर गडी निवडून आला! आकडे तीनदा ताडले: मॉर्टन ५१,०३४, व्हिग पक्षाचा एडवर्ड एव्हरेट ५०,७२५, किरकोळ ३०७. बेरीज १,०२,०६६, बरोबर. मग सूत्र उघडलं. मीच कधीतरी टक्के दोन दशांशांपर्यंत गोल केले होते, त्यामुळे ५०.००. खरे टक्के ५०.०००९८! आता टक्क्यांना रजा दिली. उमेदवाराची मतं दुप्पट करायची आणि एकूण मतांशी ताडायची. १,०२,०६८ विरुद्ध १,०२,०६६. 'होय'.

हा रकाना हवाच. आपल्यासारखं 'ज्याला जास्त मतं तो विजयी' तिथे १८५५पर्यंत नव्हतं. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली, तर खालचं सभागृह पहिल्या चारांतून दोघं निवडणार आणि त्यांतला एक सिनेट. दोन्हीकडे व्हिग. म्हणजे ३०९ मतांनी पुढे असूनही मॉर्टन घरी गेला असता.

'एका मताने जिंकला' असं सगळीकडे वाचायला मिळतं. मी मतं हलवून पाहिली. त्याचा एक मतदार एव्हरेटकडे गेला असता तर ५१,०३३, म्हणजे बरोबर निम्मी, आणि बहुमत खलास. पण तोच मतदार नुसता घरी बसला असता, तर १,०२,०६५ पैकी ५१,०३३, म्हणजे अर्ध्या मताने का होईना, बहुमत टिकतं. घरी दोघं बसायला हवेत. तेव्हा एक की दोन हा वाद निरर्थक आहे. आधी मत फुटलं की बुडालं ते सांगा.

मॉर्टन वर आला कसा, त्याचं उत्तर दारूत आहे. १८३८च्या कायद्याने पंधरा गॅलनपेक्षा कमी दारू विकायला बंदी झाली, आणि त्यावर सही होती एव्हरेटची. पंधरा गॅलन म्हणजे जवळजवळ ५७ लिटर! पैसेवाला पिंप घरी नेणार, मजुराचा पेला बंद. डेडहॅमला एका बहाद्दराने तंबू ठोकून 'पट्टेरी डुक्कर' दाखवायला ठेवलं. तिकीट काढा, रंगवलेलं डुक्कर बघा, रमचा पेला फुकट. एकेक जण म्हणे डुक्कर बघायला पुन्हा पुन्हा जायचा. मला हा किस्सा मतांच्या आकड्यांइतकाच आवडतो. १८४०मध्ये कायदा रद्द झाला.

(हा एव्हरेट म्हणजे तोच, १८६३ला गेटिसबर्गला लिंकनआधी दोन तास बोललेला.)

आता १८४२. तिथे गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाने मतं खाल्ली, कुणालाच बहुमत नाही, आणि विधिमंडळाने निवडला कोण, तर मॉर्टनच. म्हणजे 'बहुमत' रकान्याशेजारी 'विधिमंडळाचा कौल' असा आणखी एक रकाना आला. आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा उघडायच्या आहेत.